पहिले घरातल्यायले द्या

भगतानं माझ्या मायच्या हातावर तांदूळ टाकले. वरून. बोट लागू न देता.

"तोंडात घाल. चाव. गिळू नको."

मायनं घातले.

पाटलाच्या गोठ्यासमोर आम्ही उन्हात ओळीनं बसलो होतो. पाटलाच्या अंगणात राबणारे गावाबाहेरच्या आमच्या पुऱ्यातले सगळे. बाया, माणसं, अन् मी. प्रत्येकासमोर एक पळसाचं पान. मंतरलेले तांदूळ चावायचे अन् पानावर थुंकायचे. ज्याचे ओले निघाले तो सुटला. ज्याचे कोरडे निघाले तो चोर. देवीचा न्याय म्हणत होते त्याला.

माय चावत होती. मला तिच्या जबड्याचा आवाज येत होता. रेती चावल्यासारखा. तिला दोन दिवसांपासून ताप होता. सकाळपासून पाण्याचा घोट मिळाला नव्हता. ओठांवर पापुद्रे आले होते. ती पानावर वाकली. थुंकली. तांदूळ पडले ते पिठासारखे. पांढरे. कोरडे. थोडं पीठ तिच्या हनुवटीला लागून राहिलं. तिनं ते पुसलं नाही.

भगतानं पान उचललं. ओट्यावर लोडाला टेकून पाटील बसला होता, त्याला दाखवलं.

"हे पाहा मालक. देवीनं देल्लं दाखवून."

पाटील नुसता मायकडं पाहत राहिला. ती नजर मी अजून विसरले नाही. त्या नजरेत राग नव्हता. आपलं ठरलेलंच होतं ते खरं निघालं, असं समाधान होतं.

मी तेव्हा सातवीत होते. महाराष्ट्र नुकताच झाला होता. शाळेत गुरुजींनी साखर वाटली होती अन् सांगितलं होतं, आता आपलं राज्य आलं. आमचं गाव धामणगाव बढ्याच्या बाजाराला जोडलेलं. गाव लहान, पण पाटलाची जमीन मोठी. कपाशी, ज्वारी, मिरची. आमचा बाप आदल्या साली वारला होता. मरायच्या आधी त्यानं एक काम केलं होतं. पुऱ्यातल्या सगळ्यांबरोबर धर्म बदलला होता अन् घरातले देव टोपल्यात घालून नाल्यात सोडून आला होता. ज्या देवीनं मायला चोर ठरवलं, तिचा टाकसुद्धा त्या टोपल्यात होता. म्हणजे ज्या देवीला आम्ही सोडलं होतं तिच्याच न्यायाला आम्हाला बसवलं होतं. आम्हाला कोणी विचारलं नव्हतं.

झालं होतं ते असं. वैशाखात पाटलाच्या पोरीचं लग्न होतं. सोनार आला, ओट्यावर बसून दागिने उजळून गेला. दागिने पाटलीनबाईनं मोजून पेटीत ठेवले. दुसऱ्या दिवशी पेटीतली सोन्याच्या पुतळ्यांची माळ नव्हती. जुनी माळ. घसघशीत. पेटी आतल्या खोलीत, देवघराला लागून. अन् आमची हद्द म्हणजे गोठा अन् अंगण. माय शेण काढायची, अंगण सारवायची, उकिरडा वाहायची. शाळा सुटली की मी तिच्या हाताखाली. ओट्याच्या पायरीवर आमचा पाय पडला तर पाटलीनबाई घागरभर पाणी ओतायला लावायची.

तरी आम्हीच ओळीत बसलो होतो. घरातलं कोणी नव्हतं. सगळे ओट्यावर होते, पाहत होते. पाटील, पाटलीनबाई, थोरला पोरगा, धाकटा पोरगा. दाराच्या चौकटीला धरून आत्याबाई उभ्या होत्या. पाटलाची विधवा बहीण. पांढरं लुगडं, उघडं कपाळ.

"मायलेकीचं पोट एकच," भगत म्हणाला. "पोट्टीलेबी द्या."

तो माझ्यासमोर आला. मूठ वर धरली.

"हात कर वं."

मी हात केला नाही. पुष्कळांनी मला नंतर विचारलं, एवढी हिंमत कुठून आली. हिंमत नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर मायच्या हनुवटीवरचं ते पांढरं पीठ होतं. दुसरं काही दिसतच नव्हतं.

"मी नाई खात."

"काऊन?"

"पहिले घरातल्यायले द्या."

भगताला नीट ऐकू आलं नसावं. पाटलाला आलं.

"काय म्हणे ते?"

मी उभी राहिले. "पेटी घरात होती. आमी घरात येत नाई. तुमी येऊ देत नाई. मंग आमी पेटीपर्यंत गेलो कसे? पहिले घरातल्यायनं खावा. मंग मी खाईन."

गोठ्यातल्या बैलाच्या शेपटीचा आवाज तेवढा येत होता. शेजारी बसलेल्या शेवंतामावशीनं माझा परकर धरून खाली ओढलं. मी बसले नाही. चौकटीवर आत्याबाईंचा हात होता. तो हात सुटला अन् पुन्हा चौकटीला घट्ट धरून बसला. मी ते पाहिलं. त्याचा अर्थ त्या वेळी मला लागला नाही.

थोरला पोरगा ओट्यावरून उतरला. पायात वहाणा होत्या. त्यानं काही विचारलं नाही. खांदा दाबून मला खाली बसवलं अन् लाथ मारली. ती माझ्या तोंडावर बसली. मी पानावर पडले. तोंड भरून आलं. थुंकले. रक्त.

पान ओलं झालं. भगत त्या पानाकडं पाहत राहिला.

पाटील मग उठला. "कवशीले गोठ्यात टाका. बाजाराच्या दिवशी चावडीवर पाहू. माळ देल्ली तर ठीक. नाई तर डोक्शावरून वस्तरा फिरवा अन् हद्दीबाहेर घाला."

माझ्या मायचं नाव कौसाबाई. त्या घरात कोणी ते पूर्ण घेतलं नाही कधी.

त्याच दुपारी आमच्या घराची झडती झाली. पाटलाचे गडी आले. ज्वारीचा रांजण उपडा केला. चूल फोडली. बापाच्या फोटोची काच काढून मागं पाहिलं. काही नव्हतं. नसणारच. जाताना एक जण म्हणाला, "लपवली असन कुठी तरी. या लोकायचं काय सांगता येते."

घर विस्कटलेलं होतं. मी मधोमध बसले होते. खालचा ओठ सुजून जड झाला होता. संध्याकाळी पुऱ्यातले म्हातारे किसनआबा आले. दारातच बसले.

"कबूल करून टाका, पोरी."

"घेतलंच नाई, तर कबूल काय करू आबा?"

"घेतलं नाई हे मले मालूम हाय. पण पाटील म्हणते तर पाय धरून घ्यावा. दया येईन त्याले. आपल्याले याच गावात राहा लागते. तुह्या बोलण्यानं उद्या साऱ्या पुऱ्याची मजुरी जाईन."

ते खोटं बोलत नव्हते. म्हणून जास्त लागलं.

मग शेवंतामावशी आली. पदराखाली भाकर होती. तिनं माझा ओठ धुतला. भाकर कुस्करून पाण्यात कालवून दिली. मी खात असताना हळूच म्हणाली, "खरंच नाई ना वं घेतलं तिनं? मले सांग. मी कोणाले सांगत नाई."

मी घास तसाच ठेवला. मायबरोबर वीस वर्षं कापूस वेचलेली बाई. एकाच पाटाचं पाणी प्यालेली. पान कोरडं निघालं अन् तिच्याही मनात शंका आली. त्या दिवशी मला कळलं, मोठ्या घरातून आलेला आरोप आपल्या घरात शिरायला वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नाल्यावर गेले. झऱ्यातून पाणी भरायचं होतं. ऊन असं होतं की नाल्यात कुत्रंही नव्हतं. बाभळीच्या मागून हाक आली.

"ए पोट्टी."

आत्याबाई होत्या. एकट्या. मारुतीच्या देवळाचं निमित्त करून निघाल्या असाव्यात, हातात तांब्या होता.

मला या बाईचा राग होता. पाटलापेक्षा जास्त. मला पाणी वाढायचं काम त्यांच्याकडं होतं. ओंजळ धरली की त्या इतक्या उंचावरून धार सोडायच्या की अर्धं पाणी कोपरावरून वाहून जायचं. भाकर फेकायच्या. मी सारवलेल्या जागेत एक रेघ राहिली तर पुन्हा सारवायला लावायच्या. कधी हसलेल्या पाहिल्या नाहीत. मी मनात ठरवून टाकलं होतं, या बाईच्या आत काळीज नाही, दगड आहे.

त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. कमरेची गाठ सोडली. फडक्याची पुरचुंडी काढली अन् मातीवर ठेवली. मागं सरल्या. तेव्हाही हात लागू नये म्हणून मागं सरल्या.

"घे."

फडकं थोडं उघडलं होतं. आत पिवळं चमकत होतं.

मी घागर खाली ठेवली.

"तुमी घेतली?"

"घेतली नाई," त्या म्हणाल्या. "माह्यी होती. माह्या लग्नातली हाय थे. आमचे मालक गेले अन् भावानं मले इथी आणलं. हिरीवर नेलं बायायनं. बांगड्या फोडल्या. कुकू पुसलं. हे गळ्यातून काढलं अन् वयनीच्या पेटीत गेलं. मी तवा सोळाची होती. कोणं मले विचारलं नाई. आता पोरीले देऊन राह्यले. द्या म्हणा. पण एक डाव विचारा ना मले. कोणंच विचारलं नाई."

त्या रडत नव्हत्या. कोरड्या आवाजात सांगत होत्या. दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तशा.

"एक दिवस जवळ ठेवीन म्हटलं. मंग ठेवून देईन पेटीत. तर वयनीनं पेटी उघडली. बोंब झाली. मंग ठेवता येईना."

मी त्यांच्याकडं पाहत राहिले. ते उघडं कपाळ मी रोज पाहत होते. त्याच्यामागं काय झालं असेल, हा विचार मला कधी आला नव्हता. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांची कीव आली. सोळा वर्षांची पोरगी विहिरीवर उभी, अन् भोवती बायका. मला ती दिसली.

"मंग हे मले काऊन देऊन राह्यल्या?"

"उकिरड्यात टाक. गडी उद्या शेण भरतीन. त्यायले सापडन. माळ भेटली म्हंजे तुह्या मायले सोडतीन."

मी विचार केला. उकिरडा माय वाहत होती. माळ उकिरड्यात सापडली तर सगळे म्हणतील, कवशीनंच नेली होती, भ्यायली म्हणून टाकली. माय सुटली असती. पण चोर म्हणून सुटली असती.

"नाई," मी म्हटलं. "तुमी ओट्यावर सांगा. माह्या मायनं नाई घेतली, मी घेतली. एवढंच सांगा."

"येडी हायेस का? मले हिरीत लोटतीन. लग्नाचं घर हाय. पाय घसरला म्हून सांगतीन. कोणी पुसणार नाई."

"अन् माह्या मायचं?"

त्यांनी पुरचुंडी उचलून परत कमरेला बांधली. तांब्या घेतला. तोंड वळवून म्हणाल्या,

"तुह्यी माय सोसून घेईन. तुमाले सवय असते."

अन् चालत्या झाल्या.

लाथेनं माझे दोन दात हलले होते. पण मला लाथेचा एवढा राग नाही आला. या वाक्याचा आला. जिला स्वतःला विहिरीवर नेऊन लुटलं ती बाई म्हणत होती, तुम्हाला सवय असते. तिचं दुःख तेवढं दुःख. आमचं ते नुसती सवय. तिच्यावर जे झालं त्यानं तिला शहाणं करायला हवं होतं. त्यानं तिला फक्त घाबरट केलं होतं, अन् घाबरल्यावर माणूस स्वतःच्या खालचं माणूस शोधतं. ते तिला आयतं सापडलं होतं.

मी घागर न भरताच गोठ्याच्या मागं गेले. गोठ्याचा मागचा कूड तुराट्यांचा होता. त्याला तोंड लावून हाक मारली. माय आतून सरकत आली. तिचे डोळे तेवढे फटीतून दिसले. मी सगळं सांगितलं.

माय फटीच्या आणखी जवळ आली.

"नाव घेऊ नको," ती म्हणाली.

"काऊन?"

"मारून टाकतीन तिले."

"अन् तुह्यं डोक्शं भादरतीन ते? तिनं मले काय म्हटलं मालूम हाय? तुमाले सवय असते म्हणे."

"मले सवय नाई," माय म्हणाली. आवाज बारीक होता, पण धारदार. "कोणाले नसते. मले मार कसा लागते हे मालूम हाय, म्हून म्हणून राह्यली. तिचा जीव माह्या बोलण्यानं गेला तर तो माह्या नावावर राहीन. पण ऐक. कबूलबी करू नको. माह्या पायापासून डोक्शापर्यंत काही झालं तरी मी घेतलं असं माह्या तोंडातून निघणार नाई. तुह्याबी निघू नये."

त्या तुराट्यांच्या कुडाला कपाळ लावून मी उभी होते. आतमध्ये ताप चढलेली बाई, शेणात बसलेली, अन् तिला एका बाईचा जीव वाचवायचा होता. जिनं तिला वाचवलं नाही तिचाच. मला मायचाही राग आला. मग हळूहळू समजलं. ती भीत नव्हती. तिला सगळं दिसत होतं, म्हणून ती ठरवत होती. ठरवणं आमच्या हातात कधी येत नाही. त्या दिवशी आलं होतं.

बाजाराचा दिवस उजाडला. गावातले पुष्कळ लोक बाजाराला निघाले नाहीत. चावडीवर तमाशा होणार होता. पारावर, भिंतीवर, गाड्यांवर माणसं बसली होती. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. लिंबाखाली नाव्ह्याची धोकटी उघडी होती. वस्तरा कातडीवर घासला जात होता. त्याचा आवाज लयीत येत होता.

मायला आणलं. ती स्वतःच्या पायानं चालत आली. केसांत कडबा होता. आमच्या पुऱ्यातले लोक दूर, चावडीसमोरच्या खड्ड्याच्या पलीकडं उभे होते. किसनआबांनी मान खाली घातली होती.

पाटील म्हणाला, "कवसे, माळ कुठी हाय?"

"मी घेतली नाई."

"देवीनं दाखवलं."

"मी घेतली नाई."

"बसवा तिले."

दोघांनी मायला खांद्याला धरून खाली बसवलं. पदर ओढला. केस मोकळे झाले. नाव्ही उठला.

मी खड्डा ओलांडून पुढं गेले. कोणी अडवलं नाही. पोरगी रडत पाय धरायला चालली असंच वाटलं असेल त्यांना. मी पाटलासमोर उभी राहिले. तोंड सुजलेलं होतं, शब्द फाटून निघत होते. म्हणून हळू बोलले.

"माह्या मायनं माळ घेतली नाई. कोणं घेतली, मले मालूम हाय."

नाव्ह्याचा वस्तरा वरच्या वर थांबला.

"कोणं?" पाटील म्हणाला.

"सांगत नाई. माळ तुमच्या घरातून बाहेर गेली नाई. तुमी घरात पाहा. भगताले घरात न्या. तुमी खा, पाटलीनबाई खातीन, पोरं खातीन. सारेच खा. ते नसन करायचं तर माह्या मायले सोडा. अन् वस्तरा लावला, तर वऱ्हाड येईन त्या दिवशी मी मांडवात येईन. नवऱ्याच्या बापासमोर उभी राहीन अन् नाव घेईन. मंग मले मारा. पण नाव घेतलेलं राहीन."

थोरला पोरगा पुढं आला. पाटलानं हात आडवा केला.

मी पाटलाकडं पाहत होते. आधी त्याची नजर माझ्यावर होती. मग ती हळूच थोरल्यावर गेली. थोरला धाकट्याकडं पाहू लागला. धाकट्यानं मान वळवली. ते बापलेक एकमेकांकडं चोराकडं पाहावं तसे पाहत होते. त्या घरात कोणाचा कोणावर भरवसा नव्हता. आम्हाला ओळीत बसवलं ते यासाठीच. आम्ही चोर ठरलो की त्यांना एकमेकांकडं पाहावं लागत नव्हतं.

"लग्नाचं घर हाय," पाटील शेवटी म्हणाला. लोकांना ऐकू जाईल असं. "अपशकुन नको. सोडा तिले."

माय उठली. केस बांधले. पदर घेतला. कोणाच्या पाया पडली नाही. आम्ही दोघी चालत घरी आलो. रस्त्यात कोणी आमच्याशी बोललं नाही. आमच्या पुऱ्यातलंही नाही.

दोन दिवसांनी गावात गूळ वाटला. देवघरात फुलांखाली माळ सापडली होती. देवीनं परत आणून ठेवली म्हणे. भगताला धोतरजोडी मिळाली. कवशीनं घेतली नव्हती, असं मात्र कोणी म्हटलं नाही. एका माणसानंही नाही. देवीचा चमत्कार झाला, अन् आम्ही चोर ते चोरच राहिलो.

त्याच दुपारी पाटलाचा गडी दारात आला.

"पाटलीनबाईनं बोलावलं. अंगणाचं सारवण राह्यलं. मांडव उभा राहीन उद्या."

जसं काही झालंच नव्हतं. माय उठली. कोपऱ्यातलं टोपलं हातात घेतलं. वर्षानुवर्षांचे पाय, हाक आली की निघायचे. ती उंबऱ्यापर्यंत गेली. तिथं थांबली. टोपलं खाली ठेवलं. पायानं उपडं केलं.

"सांग जा त्यायले. कौसाबाई येत नाई म्हणा."

गडी हसला. "मंग खाशीन काय?"

"थे मी पाहीन."

"पाहून घेतीन ते तुमाले."

"पाहू दे."

अन् त्यांनी पाहून घेतलं. आमच्या घरामागचा कडबा एका सकाळी पेटला. कोणी विझवायला आलं नाही, फक्त शेवंतामावशी आली, घागर घेऊन, पदर तोंडावर धरून. पाटलाच्या शेतातून जाणारी वाट काट्या टाकून बंद झाली. गावात मजुरी मिळेना. माय अंधारातच उठून दुसऱ्या गावच्या मळ्यात मिरच्या तोडायला जायची. परत यायची तेव्हा हातांची आग होत असायची, अन् ती हात राखेत घालून बसायची. मी शाळा सोडते म्हटलं तर एकदाच माझ्यावर हात उगारला तिनं.

लग्न झालं. आत्याबाई लग्नात दिसल्या नाहीत. विधवेचं तोंड नको म्हणून त्यांना मागच्या खोलीत बसवलं होतं. पुढं काही वर्षांनी त्या वारल्या. कशा वारल्या ते कोणी नीट सांगत नाही. पाय घसरला म्हणतात. मी तेव्हा बुलढाण्याला शिकत होते. माय निरोप घेऊन आली होती. आम्ही दोघी वसतिगृहाच्या पायरीवर बसलो. माय रडली. मला रडू आलं नाही, पण जेवण गेलं नाही.

मला वाईट वाटलं, हे खरं आहे. ती बाई त्या घरात रोज थोडी थोडी मरत होती, हेही खरं आहे. तिच्या तोंडून एक वाक्य निघालं असतं तर माझी माय शेणात बसली नसती, हेही तेवढंच खरं आहे. यातलं एक खरं धरून मी दुसरं सोडत नाही. लोक मला म्हणतात, ती बिचारी काय करणार. ती बिचारी होती. बिचाऱ्या माणसानंही आमच्यावर पाय ठेवला, अन् तो पाय मी पाय म्हणूनच मोजते. कोण कशातून गेलं हे मी आता आधी विचारते. आधी विचारत नव्हते, चेहरा पाहून ठरवत होते. एवढं ती मला शिकवून गेली. पण विचारलं म्हणजे सोडून दिलं असं नाही.

मी पुढं नर्स झाले. सरकारी दवाखान्यात लागले, जिल्ह्यातच. मायला घेऊन गेले. गावाकडं पुन्हा राहायला गेलो नाही.

परवा वॉर्डात एक म्हातारी आली. मोठ्या घरची. अंगावर जरीचं लुगडं, संगं सून. ताप उतरत नव्हता, डॉक्टरांनी इंजेक्शन लिहिलं. मी सुई घेऊन गेले तर तिनं माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून घेतली सुनेकडून. आडनाव ऐकून हात पदरात ओढून घेतला.

"दुसरी कोणी नाई का?"

सून खाली पाहू लागली. बाकीच्या खाटांवरच्या बायका माझ्याकडं पाहू लागल्या. म्हातारीचे डोळे तापानं लाल झाले होते. तिच्याही आयुष्यात काही झालं असेल. कोणी तिचंही काही हिसकावलं असेल. ती सांगेल तर मी खाटेशी बसून सगळं ऐकून घेईन, मध्ये बोलणार नाही.

"दुसरी कोणी नाई, बाई," मी म्हटलं. "मीच हाय. हात पुढं करा."